सही करणारा आधी वर

मशीनला रंग मारायची अक्कल कवडूबाबांची. पुढे जो घोळ झाला त्याचं मूळ पिवळ्या रंगाच्या एका चार लिटरच्या डब्यात होतं, आणि तो डबा त्यांनी स्वतःच्या पैशानं आणला होता, त्यामुळे त्यांना कोणी काही बोलूही शकत नव्हतं. निदान पहिले तीन दिवस तरी.

कवडूबाबा म्हणजे सुजाताचे सासरे. भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये पस्तीस वर्षं खलाशी होते. साखळ्या-दोर बांधून टनावारी लोखंड उंचावर न्यायचं आणि त्याच्यामागे स्वतः चढायचं, हे त्यांचं काम. मोठा साहेब राउंडला येणार म्हटलं की प्लांटमध्ये आदल्या दिवशी कठड्यांना पिवळा, खांबांना काळे पट्टे आणि झाडांच्या बुंध्यांना चुना-गेरू लागायचाच. पस्तीस वर्षांत ही सवय हाडात मुरली. फायनान्स कंपनीचा माणूस मशीन बघायला येतोय, असं सुजाता घरात बोलली मात्र, दुसऱ्या दिवशी ती कामावर गेल्यावर म्हाताऱ्यानं ब्रश काढला. संध्याकाळी ती नंदिनी रोडवरच्या आपल्या यार्डात आली, तेव्हा बारा वर्षांची जुनी बूम लिफ्ट हळद लागल्यासारखी पिवळीधमक उभी होती.

तिलाही ते आवडलं, हे कबूल करायला हवं. तिचा धंदाच रंगाचा. कारखान्यांच्या शेडचं उंचावरचं लोखंड खरवडायचं, गंज काढायचा आणि रंग मारायचा, याची ती कंत्राटं घ्यायची. रंगाच्या धंद्यातल्या माणसाला रंगवलेली वस्तू वाईट दिसतच नाही. इथंच सगळं फसलं.

बूम लिफ्ट म्हणजे चार चाकांवरचा एक लांब लोखंडी हात. तो खांद्यातून वळतो, कोपरातून वाकतो, आणि त्याच्या पंजाच्या जागी दोन माणसं उभी राहतील असा पिंजरा असतो. त्याला बास्केट म्हणतात. बास्केटमध्ये उभं राहायचं आणि दांडे हलवत आपलं आपण पन्नास फूट वर जायचं. रायपूरच्या भैयालालनं ही मशीन सुजाताला महिनाभर भाड्यानं दिली होती. पसंत पडली तर सोळा लाखांत तुमची, नाहीतर रविवारी ओडिशाच्या पार्टीकडे रवाना, असा त्याचा सरळ व्यवहार होता.

सुजाताला मशीन हवीच होती, आणि ती काही हौस नव्हती. दोन वर्षांपूर्वी तिचा नवरा राजदीप बल्ल्यांच्या, म्हणजे लाकडी वाशांच्या, परांचीवरून पडला होता. पंचवीस फूट. कोणीतरी एक गाठ नीट मारली नव्हती, एवढंच कारण. डावा पाय कंबरेपासून कायमचा अधू झाला. तोवर धंदा राजदीप चालवायचा आणि ती बिलं बघायची. त्यानंतर धंदा तिनं ओढला. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात बसल्या बसल्या तिनं ठरवलं होतं की आपला एकही माणूस पुन्हा बल्लीवर चढणार नाही. दोन वर्षं भाड्याच्या मशीन आणून तिनं ते पाळलं आणि नफा सगळा भाड्यात घातला. आता जवळच्याच एका लोखंडाच्या मिलनं तीन वर्षांचं काम देऊ केलं होतं, पण मशीन कंत्राटदाराची स्वतःची हवी, ही अट होती. मशीन नसली तर काम दुसऱ्याला जाणार, तिची नऊ माणसं पोटासाठी त्याच्याकडे जाणार, आणि तो त्यांना बल्लीवर चढवणार. हे तिला उघड्या डोळ्यांनी दिसत होतं आणि त्या विचारानं तिची झोप उडाली होती.

राजदीप यार्डातलं स्टोअर सांभाळायचा. पडल्यापासून त्यानं मान वर करून पाहिलेलं तिला आठवत नव्हतं. मशीन वर जायला लागली की तो रंगाचे डबे मोजायला घ्यायचा. पण बास्केट जमिनीवर असली की भैयालालच्या ऑपरेटरला तो सोडायचा नाही. हा दांडा कशाचा, हा पायाचा खटका कशाला, तेल कुठलं, सगळं खोदून विचारायचा. मशीनला खालूनही चालवायची बटणं असतात; महिन्याभरात त्या बटणांवर राजदीपचा हात इतका बसला की ऑपरेटर नुसता बिडी ओढत बसायचा. वर मात्र तो एकदाही गेला नाही. सुजातानं हे सगळं हेरून ठेवलं होतं, आणि कर्जाच्या अर्जात ऑपरेटरच्या रकान्यात त्याला न विचारता त्याचं नाव लिहून टाकलं होतं.

मंगळवारी फायनान्स कंपनीचा व्हॅल्युअर देवीदास आला. अबोल माणूस. मशीनभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि नंबरची पट्टी कुठाय म्हणून विचारलं. मशीनच्या कमरेला पत्र्याची एक पट्टी असते, तिच्यावर कारखान्यानं नंबर ठोकलेला असतो. तोच तिचा जन्मदाखला. कवडूबाबांनी त्या पट्टीवर रंगाचे तीन हात चढवले होते. देवीदासनं मग एकेका सांध्यावरून अंगठा फिरवला. जिथं जिथं वेल्डिंग होतं तिथं तिथं रंगाची साय. हा रंग कोणी मारला, असं त्यानं हिंदीत विचारलं, आणि कवडूबाबा छाती काढून म्हणाले की मी मारला, कालच. देवीदासनं चार फोटो काढले आणि चहाला नको म्हणून निघून गेला. चहा न घेता गेलेला माणूस काय सांगून जातो, हे न कळण्याइतकी सुजाता भोळी नव्हती.

गुरुवारी तिला फायनान्स कंपनीच्या सुपेल्याच्या ऑफिसात बोलावणं आलं. मॅनेजर धनंजय वझलवार. पद्मनाभपुरात राहायचा, लहानपण सेक्टर दहातल्या साहेबांच्या वस्तीतलं, वडील प्लांटमध्ये साहेब. सुजाता मराठी आहे म्हटल्यावर तो खूश झाला, विदर्भातलं गाव विचारलं, मग फायलीवरचं गजभिये हे आडनाव वाचलं आणि लांब सुरात 'अच्छा' म्हणाला. तो 'अच्छा' सुजातानं शाळेपासून ऐकलेला होता. त्यानंतर माणसं जास्तच गोड बोलायला लागतात, हेही तिला ठाऊक होतं.

धनंजय गोडच बोलला. नंबर वाचता येत नाही, सांधे ताज्या रंगाखाली आहेत. जुन्या मशीनला घाईघाईनं रंग लागला की आमच्या धंद्यात त्याचे दोनच अर्थ होतात: खाली भेग आहे, नाहीतर माल चोरीचा आहे. शिवाय जामीनदार लागेल, घरातला किंवा नात्यातला, नोकरीवाला पुरुष असेल तर उत्तम. आणि ऑपरेटरचं नाव बदला, देवीदासनं त्याला काठीवर पाहिलंय, आणि ज्याला धड चालता येत नाही त्याच्या हाती एवढी मशीन कोण देईल. हे सगळं तो तिला ताई ताई म्हणत, तिच्याच भल्यासाठी सांगत होता.

सुजाताच्या कानात एकच शब्द अडकला होता. चोरी. तिनं समोरचा पाण्याचा ग्लास बाजूला सरकवला.

"साहेब, रंग आमीच मारला. लपवायले नाई मारला, आमचा धंदाच रंगाचा हाये. उद्या आमीच तो काढतो. शनिवारी तुमी सोता या अन् डोयानं पाहून घ्या. अन् जामीनदार मी आननार नाई. कमावते मी, हप्ता भरीन मी, मंग सही दुसऱ्याची कावून?"

शनिवारी ऑफिस अर्धा दिवस असतं, व्हॅल्युअर येऊन जाईल, मी कशाला, असं धनंजय म्हणाला. त्यावर सुजातानं त्याला मामाजींच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, गँगचा कायदा सांगितला. उंचावरच्या कामाच्या परमिटवर ज्यानं सही करायची, त्यानं आधी स्वतः वर जाऊन यायचं. मग तो फोरमन असो नाहीतर साहेब. जो वर जाणार नाही त्याच्या सहीवर कवडूची गँग चढायची नाही. यापायी दोनदा त्यांचा पगार कापला गेला होता, पण पस्तीस वर्षांत त्या गँगचा एकही माणूस पडला नाही.

"तुमी सही करून राहिले नं," ती म्हणाली. "मंग वर या एकदा."

धनंजयचे वडील असेच परमिटवर सह्या करणारे साहेब होते. ते कधी वर गेले होते की नाही हे त्याला माहीत होतं की नव्हतं, कोण जाणे. तो हसायच्या बेतात होता, पण हसला नाही. अकरा वाजता येतो, एवढंच बोलला.

घरी येईपर्यंत सुजाताचा राग रस्ताभर उकळत होता. म्हाताऱ्याला लागेल असं बोलायचं नाही, असं तिनं स्कूटर लावताना ठरवलं आणि दारातच बोलून गेली की मामाजी, तुमच्या रंगानं आपल्याले चोर केलं. बोलल्यावर तिचं तिलाच वाईट वाटलं. कवडूबाबा एवढंच म्हणाले, "पस्तीस वर्सात मी प्लांटचा एक नट घरी आनला नाई." दुसऱ्या दिवशी सकाळी ती यार्डात पोचली, तेव्हा ते तिच्याआधी तिथं होते आणि हातात खरवडणी होती.

शुक्रवारचा सगळा दिवस त्यांनी स्वतःच मारलेला रंग काढला. नऊच्या नऊ माणसं लागली. थिनरच्या वासानं डोळे चुरचुरत होते. तारेच्या ब्रशनं हाताला फोड आले. रंग लावायचे पैसे मिळतात, काढायचे कोणी देत नाही, अशी चेष्टाही झाली आणि सुजाता पण हसली. बूम खाली टेकवून एकेक सांधा, एकेक वेल्डिंग उघडं केलं, इतकं की उन्हात नुसतं पांढरं लोखंड चमकायला लागलं. नंबरची पट्टी राजदीपनं मागून घेतली. खरवडणीनं आकडे घासले जातील म्हणून तो चिंधीला थिनर लावून हलक्या हातानं पुसत बसला. दुपारी पहिला आकडा दिसला. चार वाजता सगळा नंबर वाचता आला, आणि तो भैयालालच्या कागदावरच्या नंबराशी जुळला. राजदीपनं तो दोनदा मोठ्यानं वाचून दाखवला.

शनिवारी अकराच्या ठोक्याला धनंजय आला. पांढरा शर्ट, चकचकीत बूट. सोबत देवीदास, त्याच्या पिशवीत दोन फवारे. आपला माल विकला जातोय की नाही हे बघायला भैयालालही येऊन बसला होता. देवीदासनं उघड्या सांध्यांवर लाल रंगाचं औषध फवारलं, थोडा वेळ मुरू दिलं, पुसून काढलं आणि वर पांढरी पूड मारली. लोखंडात केसाएवढी जरी भेग असेल तरी तिच्यात शिरलेला लाल रंग त्या पुडीवर उमटतो. कवडूबाबांनी प्लांटमध्ये हे शंभरदा पाहिलं होतं, तरी ते श्वास धरून उभे होते.

खांद्याचा सांधा पांढरा राहिला. कोपर पांढरं. बास्केटचा जोड पांढरा. सुजाता मनातल्या मनात एकेक सांधा मागे टाकत होती, आणि बास्केटमध्ये चढायच्या पायरीपाशी देवीदास थांबला. पायरीच्या कोपऱ्यात बोटभर लांब लाल रेघ उमटली होती.

भैयालाल लगबगीनं पुढे झाला. पायरी म्हणजे काही बूम नव्हे, तिच्यावर कसला भार येत नाही, दहा मिनिटांचं वेल्डिंग आहे, पुसून टाका, कशाला कागदावर आणता. त्याचं खोटं नव्हतं. देवीदासही मान हलवून तसंच म्हणाला, आणि सगळे सुजाताकडे बघायला लागले. चार दिवसांपूर्वी हीच रेघ त्या पिवळ्या रंगाखाली होती आणि तिला पत्ता नव्हता.

"लिहा," ती म्हणाली. "मायाच मानूस चढनार हाये त्या पायरीवर. वेल्डिंग भैयालालभाऊ करून देतीन, अन् चाळीस हजार कमी बी करतीन."

भैयालालनं कपाळाला हात लावला, पण नाही म्हणाला नाही. देवीदासनं लिहून घेतलं. लिहिताना तो पहिल्यांदाच जरासा हसला आणि चहा आहे का म्हणून विचारलं.

आता कागद धनंजयकडे गेले. नंबर जुळला, सांधे ठीक, असं पुटपुटत तो ऑपरेटरच्या रकान्याशी आला आणि मोठ्यानं वाचलं, राजदीप कवडू गजभिये. हे नाव बदला म्हणून सांगितलं होतं, असं तो म्हणाला. राजदीप स्टोअरच्या दारात काठी टेकून उभा होता. त्याला हे आत्ताच कळत होतं.

"तू मले विचारलं नाई," तो सुजाताला म्हणाला.

"विचारलं असतं तं तुमी नाई म्हनलं असतं."

तिनं नजर वळवली नाही. भीती तिला वाटत होती, भरपूर वाटत होती. तो चिडून आत निघून गेला असता तर तिच्याकडे दुसरं नाव नव्हतं, आणि तिला दुसरं नाव नकोच होतं. धनंजय समजुतीच्या सुरात म्हणाला की ताई, उगाच हट्ट करू नका, यांना चढता येत नाही. तेव्हा तिचा आवाज चढला.

"पायानं चढाचं असते बल्लीवर, साहेब. तिथंच पाय गेला त्यायचा. ह्या मशीनवर हातानं चढाचं असते. हात दोन्ही शाबूत हायेत."

कवडूबाबांनी स्टोअरमधून दोन सेफ्टी बेल्ट आणले होते. एक त्यांनी धनंजयच्या पुढे धरला आणि सही कोण करतोय, असं साधंच विचारलं. धनंजयनं बेल्टकडे पाहिलं, आपल्या बुटांकडे पाहिलं. भैयालालचा ऑपरेटर बिडी विझवून सवयीनं पुढे आला.

"थांब," राजदीप म्हणाला.

दारापासून मशीनपर्यंत वीस पावलं असतील. ती तो काठी टेकत, पाय ओढत चालला. त्याचं कोपर धरावं असं सुजाताला फार वाटलं, पण तिनं आपले हात पाठीमागे घट्ट धरून ठेवले. बास्केटपाशी त्यानं काठी बापाच्या हातात दिली, ती फुटकी पायरी टाळली, दोन्ही हातांनी कठडा पकडून स्वतःला आत ओढून घेतलं आणि बेल्टची कडी अडकवली. मग उजवा पाय खटक्यावर ठेवून तो धनंजयची वाट बघत उभा राहिला. आता धनंजयला माघार घेणं शक्यच नव्हतं. तोही आत चढला.

बास्केट उठली. दोन वर्षं आपला कोणी माणूस वर जायला लागला की सुजाता जमिनीकडे बघायची. मान खाली घालायची सवय काही एकट्या राजदीपलाच नव्हती. आज तिनं डोळे वरच ठेवले. दहा फूट. पंधरा. बूम कोपरातून सरळ होत गेली. पंचवीस फुटांवर बास्केट थांबली. ती उंची कोणी मोजली नव्हती, पण सुजाताला ती पाठ होती.

धनंजयनं कठडा दोन्ही हातांनी धरलेला दिसत होता. राजदीपची पाठ तेवढी दिसत होती. देवीदासनं काळजीनं खालच्या बटणांकडे हात नेला, त्या बटणांनी बास्केट खाली आणता येते.

"हात नका लावू," सुजाता म्हणाली. "राहू द्या."

बापानं मुलाची काठी दोन्ही मुठींत आवळून धरली होती. मग मोटर पुन्हा घुमली आणि बास्केट वर निघाली, तीस, चाळीस, बूमचा हात ताणून संपेपर्यंत. तिथं राजदीपनं ती एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे अशी अलगद फिरवली की धनंजयच्या शर्टाची कॉलरसुद्धा हलली नसेल.

खाली उतरल्यावर धनंजयचा चेहरा घामानं निथळत होता. पण तो माणूस कच्चा नव्हता; त्यानं बेल्ट नीट सोडला, कवडूबाबांना दिला आणि मशीनच्या बॉनेटवर कागद पसरून सही करायला घेतली. ऑपरेटरच्या नावापुढे त्यानं बरोबरची खूण केली. जामीनदाराच्या रकान्याशी पेन थबकलं. जामीनदार नसेल तर एक लाख कमी मंजूर करतो, हेड ऑफिसला तेवढं चालेल, पण हा रकाना मोकळा कसा सोडू, असं म्हणून त्यानं तिच्याकडे पाहिलं.

"रेघ मारा," सुजाता म्हणाली. "बुडवलं तं मशीन घेऊन जा. नंबर आता साफ दिसते."

धनंजयनं रेघ मारली आणि खाली सही केली. या वेळी तो अच्छा म्हणाला नाही. येतो, सुजाताताई, असं नाव घेऊन म्हणाला.

गाडी गेटबाहेर गेली. कवडूबाबा प्रायमरचा डबा शोधायला लागले, कारण उघडं लोखंड गंजतं. पट्टीवर चिकटपट्टी लावून मगच रंग, असं त्यांनी स्वतःच दोनदा बजावलं. सुजातानं चहा ओतला, सगळ्यांना दिला, आणि एक कप उरला. तेव्हा तिच्या लक्षात आलं की मोटर पुन्हा घुमतेय. साहेबाला उतरवून राजदीप बास्केटमधून उतरलाच नव्हता. तो एकटाच वर चालला होता.

तिनं तोंडाभोवती हात धरून हाक मारली की खाली या, चहा थंडा होऊन राहिला.

"होऊ दे," वरून आवाज आला. "इथून मिलची शेड दिसून राहिली."

सुजातानं कपावर बशी झाकली आणि मान वर करून बघत उभी राहिली.